घरची भाजी

खडेबाजारात फेल्ट मीटरवर मिळतं,
पण हिरवा एकच.
घ्या की, हिरवा तो हिरवा, दुकानदार म्हणाला.
मी म्हटलं, अण्णा, मेथी आणि कोबी
कुठल्या शेतात एका रंगाची असते?
तेव्हा मागच्या खणातून काढून दिलं
कुठल्याशा शाळेच्या टोप्यांचं उरलेलं पोपटी.

वीस वर्षं ब्लाउज शिवते.
काजाचा टाका झोपेतही घालीन,
पण वांग्याचं माप कसं घ्यायचं?
शेवटी एक खरंच वांगं ठेवलं मशीनवर,
छाती, कंबर, उंची टेपनं मोजली
आणि वहीत लिहिलं:
वांगं. कडोली अंगणवाडी. अर्जंट.
नवरा डोकावून म्हणाला, गिऱ्हाईक अंगानं जाड दिसतंय.

आत भरायला कापूस परवडत नाही.
वडगावच्या मागांखाली पडलेले तुटके धागे
झाडून आणले, पिशवीभर,
लाल, मोरपंखी, थोडी जर.
कुणाला दिसणार नाही,
पण माझ्या बटाट्याच्या पोटात साडी आहे.

कोबीला सात पानं.
कडेनं धावदोरा घालून जरासा ओढला
की पान मुरडतं,
रुसलेल्या पोरीच्या ओठासारखं.
रताळ्याला मात्र काही करावं लागलं नाही.
रताळं कसंही शिवा,
रताळंच होतं.

सीबीटीवरून दुपारची बस.
बायका भाजी विकून परतत होत्या,
सगळ्या टोपल्या रिकाम्या,
आणि त्यांच्यात मी एकटी
भरली पिशवी घेऊन गावाकडे चाललेली.
शेजारच्या म्हातारीनं टोमॅटो दाबून बघितला.
‘कसा दिलीस गे?’
विकायचा नाही, म्हटलं.
‘मग पिकवलास कशाला?’

मल्लम्मा टीचरनी वांगं वर धरलं.
अर्धी पोरं ओरडली, बदनीकाई!
अर्धी ओरडली, वांगं!
आणि सगळ्यांनी मिळून एकच देठ ओढला.
मी बघत होते, टाका टिकतो का.
टिकला.

पण भरमू, साडेचार वर्षांचा,
ओढाओढीत नव्हता.
पिशवी पालथी करून तो एकेक भाजी
उलटीसुलटी करून बघत होता
आणि भिंतीजवळ रचत होता.
‘ही मार्केटची.’
गाजर मार्केटचं. कोबी मार्केटचा.
टोमॅटो, बटाटे, सगळंच भिंतीजवळ.
मग मोकळ्या जागेकडे बोट करून मला विचारलं,
‘आणि घरची कुठं हाय?’

मला कळेना.
त्यानं समजावलं, मोठ्या माणसाला समजावतात तसं:
किडकी, फुटकी, वाकडी, ती घरची.
चोख असते ती पहाटे टेम्पोत जाते.
म्हणून तर
चूल मांडून बसलेल्या पोरींनी
अजून काहीच शिजवायला घेतलं नव्हतं.

मी तिथंच सतरंजीवर बसले, कात्री काढली.
एका कोबीच्या वरच्या पानाला भोक पाडलं,
कडेला दोऱ्याची अळी शिवली,
काळ्या डोक्याची.
गाजराच्या कंबरेला दोन टक्स घातल्या.
आयुष्यभर टक्स घातल्या त्या
कुणीतरी नीट दिसावं म्हणून,
हातालाच जरा अवघड गेलं.
टोमॅटोची शिवण बोटभर उसवली.
आतून जर चमकली.

भरमूनं तिन्ही तपासली.
‘हां. आता झाली.’

मग चूल पेटली,
म्हणजे एका पोरीनं फुंकर मारली.
अळी काढून टाकली, पान ठेवलं.
फोडणीचा आवाज तोंडानं झाला.
मला पहिल्यांदा वाढलं, डब्याच्या झाकणात.
मीठ कमी आहे, मी म्हटलं.
झाकण परत गेलं, मीठ घेऊन आलं.

चोख कोबी संध्याकाळपर्यंत
भिंतीजवळच होता,
टेम्पोची वाट बघत.